२२० केव्हीला सीव्हीटी की इंडक्टिव्ह पीटी: कोटेशनमधला दर आणि खरा खर्च

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं भलतीकडे जाणार नाही. सीव्हीटी आणि पीटी, दोन्ही हाय व्होल्टेज उतरवून मीटरला आणि रिलेला (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण) देतात; इंडक्टिव्ह पीटी ते फक्त वाइंडिंगने करतो, सीव्हीटी आधी कपॅसिटरने. नवीन २२०/६६ केव्ही सबस्टेशन आहे, २२० ला दोन लाइन, त्यातली एक जेमतेम १८ किलोमीटरची, ६६ ला सहा फीडर, दोन्हीकडे दोन-दोन बस (सगळ्या लाइन आणि फीडर जिथं जोडतात ते सामायिक कंडक्टर). तुम्ही बजेटसाठी कोटेशन मागवलीत आणि त्यात २२० ला सीव्हीटी हा इंडक्टिव्ह पीटीच्या साधारण दोन तृतीयांश दरात मिळतोय, ६६ ला मात्र नेमकं उलटं, तिथं सीव्हीटीच दीडपट. त्यात सल्लागारांनी ऑप्टिकलचं (प्रकाशानं व्होल्टेज मोजणाऱ्या प्रकाराचं) नाव टाकून ठेवलंय आणि साहेबांना एका पानावर 'प्रकार आणि दर' असा तक्ता हवाय. तुम्ही विचारताय की हे उलटसुलट दर बरोबर आहेत का, आणि असतील तर २२० ला डोळे झाकून सीव्हीटी लिहून टाकू का.

दर बरोबर आहेत. डोळे झाकून मात्र नको, कारण तो तक्ता 'प्रकार आणि दर' असा केलात तर उत्तर चुकीचं येणार नाही पण अर्धवट येईल. मी असले तक्ते जागेनुसार करतो, म्हणजे या लाइनवर, या बसवर, या मीटरसाठी व्होल्टेज हवंय, तर ते मिळवायला एकूण काय काय विकत घ्यावं लागतं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं त्यावर काय खर्च होतो. एका नगाचा दर त्यातली एक ओळ. आकडे रुपयात किंवा डॉलरमध्ये मी देत नाही, कारण ते तांबं, ऑर्डरमधले नग, कारखान्याचा हात कुठल्या डिझाइनवर बसलाय आणि त्यांची ऑर्डर बुक किती भरलीय यावर हलतात. कारणं मात्र हलत नाहीत, ती सांगतो.

आधी हे उलटं का होतं ते बघा. इंडक्टिव्ह पीटीत फेज ते अर्थचं सगळं व्होल्टेज एका प्रायमरी वाइंडिंगवर येतं. २२० ला ते १२७ केव्ही. बारीक तारेचे हजारो वेढे, प्रत्येक थरामध्ये कागद, त्यात तेल, आणि इम्पल्स व्होल्टेज (वीज पडल्यावर येतो तसा क्षणभराचा झटका) आलं की ते वेढ्यांवर सारखं वाटलं जात नाही म्हणून वरच्या थरांना आणखी इन्सुलेशन. व्होल्टेज दुप्पट झालं की हा सगळा पसारा दुपटीपेक्षा जास्त वाढतो, आणि एका पातळीनंतर एका कोअरवर भागत नाही म्हणून कॅस्केड, म्हणजे एकावर एक कोअरचं, डिझाइन करावं लागतं. सीव्हीटीत गंमत वेगळी आहे. तिथं व्होल्टेज झेलायचं काम कपॅसिटरचा स्टॅक करतो, वर सी१ आणि खाली सी२, आणि मधून साधारण १० ते २० केव्हीचा टॅप काढून तो खालच्या टाकीतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला देतात. ही खालची टाकी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कॉम्पेन्सेटिंग रिअ‍ॅक्टर, डॅम्पिंग सर्किट, ही १३२ ला असते जवळजवळ तशीच ४०० ला असते. व्होल्टेज वाढलं की फक्त वरचा स्टॅक उंच होतो.

म्हणजे सीव्हीटीला सुरुवातीलाच एक ठराविक खर्च आहे, तुम्ही ६६ ला घ्या की ४०० ला, आणि मग दर हळूहळू चढतो. इंडक्टिव्हचा खालून सुरू होतो पण चढ उभा आहे. या दोन रेषा साधारण १०० ते १४५ केव्हीच्या पट्ट्यात कुठंतरी एकमेकींना छेदतात. ६६ ला इंडक्टिव्ह स्वस्त, २२० ला सीव्हीटी स्वस्त, ४०० आणि वर तर मोकळ्या यार्डात हा प्रश्न फारसा कोणी विचारतच नाही. ११० आणि १३२ ला मात्र दोन्हीची कोटेशन मागवावी, तिथं कोण स्वस्त पडेल हे आधीच सांगणारा माणूस अंदाजच सांगत असतो. तुमचे आकडे या चित्रात बरोबर बसतात.

आता कोटेशन ज्या स्पेसिफिकेशनवर आलंय ते बघू, कारण पैसा तिथं जास्त सांडतो. तुम्ही लिहिलंय की तीन सेकंडरी (उतरवलेलं व्होल्टेज बाहेर देणारी वाइंडिंग), प्रत्येकी १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, लोड किती झेलायचा त्याचं माप). हे कुठल्यातरी जुन्या टेंडरमधून आलेलं आहे हे मी न बघता सांगतो, जुनं टेंडर उघडायचं, तारीख बदलायची आणि पाठवायचं, ही पद्धत सगळीकडे आहे. इलेक्ट्रोमेकॅनिकल रिलेच्या काळात व्होल्टेज कॉइल खरंच भरपूर व्हीए खायच्या. आजचा न्यूमेरिकल रिले फेजला एक व्हीए सुद्धा घेत नाही, मीटर पण तसाच. सगळं मिळून एका वाइंडिंगवर तीन ते पाच व्हीए झाले तर खूप झाले.

मग १०० लिहिलं तर बिघडलं कुठं? दोन ठिकाणी. एक, सीव्हीटीत जास्त बर्डन (सेकंडरीवरचा लोड) आणि तेही अचूक द्यायचं तर जास्त कपॅसिटन्स लागतो, जास्त कपॅसिटन्स म्हणजे मोठा स्टॅक, आणि त्याचे पैसे तुम्ही देता, न वापरता. दुसरं जास्त वाईट आहे. आयईसी ६१८६९ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये नेहमीच्या बर्डन रेंजला अचूकतेची हमी रेटेड बर्डनच्या २५ ते १०० टक्क्यांतच आहे. १०० व्हीएचा पीटी घेतलात तर हमी २५ व्हीएपासून पुढे. तुमचा खरा लोड ४ व्हीए. म्हणजे जास्त पैसे देऊन तुम्ही अशा जागी बसलात जिथं ०.२ क्लासची (चूक ०.२ टक्क्याच्या आत) हमीच लागू नाही. काही लोक मग पॅनेलमध्ये रेझिस्टन्स टाकून बर्डन मुद्दाम वाढवतात, म्हणजे वरून उष्णता पण विकत घेतात. याच स्टँडर्डमध्ये छोट्या बर्डनची दुसरी रेंज आहे, १, २.५, ५, १० व्हीए युनिटी पॉवर फॅक्टरला, आणि तिथं हमी शून्यापासून १०० टक्क्यांपर्यंत आहे. मीटरिंग वाइंडिंगला १० व्हीए, ०.२ क्लास असं लिहा. प्रोटेक्शनला २५ व्हीए, ३पी (३ टक्क्यांचा प्रोटेक्शन क्लास) भरपूर झालं. तिसरं वाइंडिंग ओपन डेल्टासाठी (तिन्ही फेज सिरीजमध्ये जोडून त्यांची बेरीज, म्हणजे शून्य सिक्वेन्स व्होल्टेज, काढायला) खरंच लागतंय का ते बघा, बहुतेक रिले ते आतल्या आतच काढतात. आणि तिन्ही वाइंडिंग एकाच वेळी लोड असताना क्लास पाळायचा की एकेक, हे पण लिहा, नाहीतर दोन वेंडर दोन वेगळ्या गोष्टींचे दर देतील आणि तुम्ही त्यांची तुलना करत बसाल.

बर्डनबरोबर केबल येतेच. यार्डातल्या जंक्शन बॉक्सपासून कंट्रोल रूमपर्यंत १५० मीटर धरा, २.५ स्क्वेअरची तांब्याची केबल, किलोमीटरला ७.४ ओहम म्हणजे तुमच्या अंतराला १.१ ओहम. सेकंडरी ६३.५ व्होल्ट. ५ व्हीएचा लोड असेल तर करंट ०.०८ अ‍ॅम्पिअर आणि ड्रॉप ०.०९ व्होल्टच्या आसपास, म्हणजे ०.१४ टक्के. दिसायला काहीच नाही, पण ०.२ चा पीटी घेऊन त्यातला बराचसा भाग तुम्ही केबलमध्येच घालवला. तीच केबल ४ स्क्वेअरची केली तर ०.०९ टक्क्यावर येतं. आणि हे मीटरची केबल वेगळी असेल तर. रिले, इंडिकेशन, सगळं एकाच वाइंडिंगवर लटकवलं आणि २५ व्हीए झाले की २.५ स्क्वेअरवर ड्रॉप ०.७ टक्क्याला जातो. चांगल्या क्लाससाठी वेंडरला जास्त पैसे देण्याआधी केबलवर थोडे टाका.

हे एवढं ताणतोय कारण तुम्ही लिहिलंय की २२० वर टॅरिफ मीटरिंग (बिलासाठीचं मोजमाप) आहे. दोन्ही लाइन मिळून सरासरी १५० मेगावॉट धरला तर वर्षाला १३ लाख १४ हजार मेगावॉट-तास होतात. त्याचा ०.१ टक्का म्हणजे १,३१४ मेगावॉट-तास, तेरा लाख युनिट, दर वर्षी. तुमच्या दराने गुणून बघा आणि तो आकडा सीव्हीटी आणि इंडक्टिव्हच्या दरातल्या फरकाशेजारी ठेवा. चूक तुमच्या बाजूनेही जाऊ शकते हे खरं, पण मग समोरचा गप्प बसणार नाही. फेज एररही, म्हणजे व्होल्टेजच्या कोनातली चूक, विसरू नका. ०.२ क्लासला १० मिनिटांची (कोनाची मिनिटं, अंशाचा साठावा भाग) सूट आहे, आणि ०.८ पॉवर फॅक्टरवर १० मिनिटं म्हणजे ऊर्जेत आणखी साधारण ०.२ टक्का.

तर मीटरिंगसाठी सीव्हीटी चालतो का? चालतो, ०.२ क्लासचे सीव्हीटी मिळतात आणि जगभर टॅरिफला वापरले जातात. फरक एवढाच की इंडक्टिव्ह पीटीची अचूकता तांबं आणि लोखंड ठरवतं, ती वर्षानुवर्षं जवळपास तिथंच राहते. सीव्हीटीची अचूकता दोन कपॅसिटरच्या गुणोत्तरावर आणि रिअ‍ॅक्टरच्या ट्यूनिंगवर उभी आहे. तापमान, फ्रिक्वेन्सी, आणि वय, तिन्हींचा थोडा थोडा परिणाम होतो. मीटरिंग क्लासची हमी फ्रिक्वेन्सीच्या ९९ ते १०१ टक्क्यांतच आहे, म्हणजे ५० ला ४९.५ ते ५०.५. तुमची ग्रिड त्यात राहत असेल तर प्रश्न नाही. करारात दुसऱ्या पार्टीने इंडक्टिव्हच हवा असं लिहिलं असेल तर मात्र वाद घालत बसू नका, मीटरिंगच्या जागी इंडक्टिव्ह घ्या, दरातला फरक वर काढलेल्या आकड्यासमोर काही नाही.

सीव्हीटीचा एक भाग मला जास्त सांगावासा वाटतो, कारण तो कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो आणि नंतरच्या खर्चाचं सगळं गणित त्यात आहे. तो स्टॅक म्हणजे एकावर एक ठेवलेले शेकडो छोटे कपॅसिटर एलिमेंट. समजा २४० एलिमेंट सिरीजमध्ये आहेत आणि त्यातले खालचे १८ म्हणजे सी२. १२७ केव्हीचे १८/२४० म्हणजे टॅपवर साडेनऊ केव्ही येतात. आता वरच्या सी१ मधला एक एलिमेंट शॉर्ट झाला तर उरले २३९, टॅपवर १८/२३९, म्हणजे सेकंडरी ०.४ टक्क्याने वाढली. खालच्या सी२ मधला गेला तर १७/२३९, म्हणजे सेकंडरी पाच टक्क्यांनी पडली. दुसरी गोष्ट कोणाच्याही लक्षात येते, अंडरव्होल्टेजचा अलार्म येतो, फ्यूज फेल आलं का म्हणून कोणीतरी बघायला जातो. पहिली कोणाला दिसत नाही, ०.४ टक्का स्क्रीनवर कोण बघतो, पण त्या क्षणापासून तुमचा ०.२ चा मीटरिंग सीव्हीटी क्लासच्या बाहेर आहे. वर उरलेल्या एलिमेंटवर व्होल्टेज थोडं वाढलं, म्हणजे पुढचा जायची शक्यता वाढली, मग त्याच्या पुढचा, आणि शेवटचे काही फार लवकर जातात. पोर्सेलिनमध्ये हे झालं तर तुकडे शेजारच्या बेपर्यंत (शेजारच्या लाइनच्या सामानाच्या जागेपर्यंत) उडतात.

याचा उपाय जवळजवळ फुकट आहे. स्काडामध्ये (कंट्रोल रूमच्या देखरेखीच्या सिस्टिममध्ये) व्होल्टेज येतंच आहे, तिन्ही फेजचं एकमेकांशी आणि त्याच बसवरच्या दुसऱ्या सेटशी गुणोत्तर काढून त्याचा ट्रेंड ठेवायचा. ग्रिडचं व्होल्टेज वरखाली होतं तेव्हा सगळे बरोबर हलतात, एकच फेज ०.४ टक्क्याने सरकून तिथंच बसली तर तो ग्रिड नाही, तो एलिमेंट आहे. दुसरी पायरी दिसली की शटडाउन घेऊन कपॅसिटन्स आणि टॅन डेल्टा (इन्सुलेशनमधल्या लॉसचं माप) मोजायचा. मीटरिंगच्या जागी मी पहिल्या पायरीलाच घेतो. एवढं करणार असाल तर सीव्हीटीच्या देखभालीचा खर्च मी तक्त्यात कमी धरतो, नसाल करणार तर एका बेच्या अचानक आउटेजचा खर्च त्यात टाका आणि मग सीव्हीटी स्वस्त दिसतो का ते बघा. इंडक्टिव्ह पीटी पण फुटतात, ओलावा शिरला की कागद जातो, आणि सीलबंद असल्याने तेलाचा नमुना काढायलाही कारखाने नाखूश असतात कारण आत तेल मोजकंच असतं. तिथं अशी आगाऊ पायरी मात्र सहसा दिसत नाही, या बाबतीत सीव्हीटी जास्त बोलका आहे. प्रकार कुठलाही घ्या, कॉम्पोझिट इन्सुलेटरचा दर वेगळा मागा. फुटला तरी तुकडे उडत नाहीत, वजन कमी म्हणून स्ट्रक्चर हलकं, आणि प्रदूषणाचा भाग असेल तर क्रीपेज (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) पण सोयीनं मिळतं.

आता प्रोटेक्शन. लाइनवर जवळ फॉल्ट झाला की प्रायमरी व्होल्टेज एकदम शून्याजवळ येतं. इंडक्टिव्हची सेकंडरी लगेच मागोमाग खाली येते. सीव्हीटीत कपॅसिटर आणि रिअ‍ॅक्टरमध्ये साठलेली ऊर्जा आधी रिकामी व्हावी लागते, म्हणून सेकंडरीवर थोडा वेळ खोटं व्होल्टेज हेलकावत राहतं. डिस्टन्स रिलेला (व्होल्टेज आणि करंटवरून फॉल्टचं अंतर काढणारा) तेवढ्यात फॉल्ट आहे त्यापेक्षा जवळ दिसू शकतो आणि झोन १ (त्याचा लगेच ट्रिप करणारा टप्पा) नको तिथं उडू शकतो. लांब लाइनवर हे सहसा लपून जातं. तुमच्या १८ किलोमीटरच्या लाइनवर लपणार नाही, कारण सोर्सचा इम्पीडन्स लाइनच्या मानाने मोठा असेल तर एसआयआर, म्हणजे या दोन इम्पीडन्सचं गुणोत्तर, चढतो, चारच्या वर गेला की ती लाइन प्रोटेक्शनच्या हिशोबात छोटी. मग लोक म्हणतात की छोट्या लाइनला इंडक्टिव्ह घ्या. थांबा जरा. तुमच्याकडे दोन्ही लाइनवर ओपीजीडब्ल्यू (वरच्या अर्थ वायरमध्येच ऑप्टिकल फायबर) आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग मेन प्रोटेक्शन लाइन डिफरेन्शियल (लाइनच्या दोन टोकांच्या करंटची तुलना) ठेवा, त्याला व्होल्टेजची गरजच नाही, आणि डिस्टन्स बॅकअपला, झोन १ थोडा आखडून किंवा रिलेत सीव्हीटी ट्रान्झियंटचं फिल्टर चालू करून. सीव्हीटीसाठी ट्रान्झियंट क्लास, म्हणजे ३पीटी१ की ३पीटी२, हे मात्र स्पेसिफिकेशनमध्ये लिहा. जास्त कपॅसिटन्सवाल्याचा ट्रान्झियंट बरा असतो, पण त्यासाठी आता जास्त पैसे द्यायची गरज तुम्हाला नाही.

त्याच ओपीजीडब्ल्यूमुळे सीव्हीटीचा एक जुना फायदा तुमच्याकडे उरत नाही. पीएलसीसी (पॉवर लाइनवरूनच सिग्नल पाठवणं, म्हणजे कॅरियर) असेल तर सीव्हीटी हाच कपलिंग कपॅसिटर होतो, आणि इंडक्टिव्ह घेतला तर कपलिंग कपॅसिटर, त्याचं स्ट्रक्चर, त्याचं फाउंडेशन वेगळं विकत घ्यावं लागतं, म्हणजे तुलना एका नगाची दोन नगांशी होते आणि सीव्हीटी खूपच पुढे जातो. तुम्हाला कॅरियर नकोय, मग हा फायदा तक्त्यात धरू नका आणि कोटेशनमधून ड्रेन कॉइल, कॅरियर अ‍ॅक्सेसरी, वेव्ह ट्रॅप माउंटिंग काढून टाकायला सांगा. मागितलेलं नसलं तरी सवयीनं आत असतं.

इंडक्टिव्हचा एक गुण लोक विसरतात. लाइन उघडली की तिच्यावर चार्ज अडकून राहतो, आणि सीव्हीटी डीसीला रस्ता देत नाही, त्यामुळे तो तसाच बसून राहतो. इंडक्टिव्ह पीटीचं वाइंडिंग त्याला अर्थ करून टाकतं, लाइन झटकन रिकामी होते आणि रिक्लोज करताना ओव्हरव्होल्टेज कमी येतं. लांब लाइन आणि वेगवान रिक्लोजिंग असेल तर याचे पैसे मोजता येतात. तुमच्या १८ किलोमीटरला मी याला शून्य किंमत देईन. ६६ बाजूला कपॅसिटर बँक असेल तर मात्र बघा, तो चार्ज पीटीमधून जाणार असेल तर तेवढी उष्णता तो झेलेल का हे कारखान्याला आधी विचारायला लागतं.

उलट इंडक्टिव्हचा दुर्गुण फेरोरेझोनन्स. जिथं ब्रेकरला ग्रेडिंग कपॅसिटर (एकापेक्षा जास्त ब्रेकवर व्होल्टेज सारखं वाटणारे) असतात आणि बस मोकळी झाली की फक्त पीटी तिला लटकलेला राहतो, तिथं तो कपॅसिटर आणि पीटीचा कोअर मिळून गुणगुणायला लागतात आणि पीटी जळतो. सीव्हीटीच्या आतही फेरोरेझोनन्स होऊ शकतो, पण त्याचं डॅम्पिंग सर्किट कारखान्यातूनच बसून आणि टेस्ट होऊन येतं. तुमच्या ६६ ला जिथं इंडक्टिव्ह येणार आहे तिथं ब्रेकर सिंगल ब्रेकचे, त्यामुळे धोका कमी. सिस्टिम सॉलिडली अर्थ आहे म्हणताय, म्हणून व्होल्टेज फॅक्टर (रेटेडच्या किती पट व्होल्टेज किती वेळ झेलायचं) १.५, ३० सेकंद पुरेसा. १.९, ८ तास हे अर्थ नसलेल्या सिस्टिमसाठी असतं, ते उगाच लिहिलं तर कोअर मोठा आणि दर वर. हेही मी बऱ्याच टेंडरमध्ये बघतो.

हार्मोनिक्स मोजायचे असतील, समजा तुमच्या ६६ फीडरवर सोलर नाहीतर फर्नेस येणार असेल, तर साध्या सीव्हीटीची सेकंडरी त्यासाठी वापरू नका, तो ५० हर्ट्झला ट्यून केलेला आहे, वरच्या फ्रिक्वेन्सीला काहीही दाखवेल. तेवढ्या एका जागी आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) डिव्हायडर, किंवा ज्यात हार्मोनिक्ससाठी वेगळा सेन्सर बसवलाय असा सीव्हीटी घ्यायचा.

ऑप्टिकलबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या केसमध्ये थोडक्यातच आहे. तेल नाही, लोखंड नाही, फेरोरेझोनन्स नाही, ट्रान्झियंट उत्तम. पण त्यातून ११० व्होल्ट निघत नाहीत, सॅम्पल्ड व्हॅल्यू (डिजिटल आकडे) निघतात, म्हणजे मर्जिंग युनिट (ते आकडे एकत्र करून पाठवणारं), टाइम सिंक, त्या व्हॅल्यू वाचणारे रिले आणि, मोठी अडचण, त्या व्हॅल्यू वाचणारे आणि टॅरिफला मान्य असलेले मीटर. इलेक्ट्रॉनिक्सचं आयुष्य खांबावरच्या सामानापेक्षा कमी, त्यामुळे तीस वर्षांच्या हिशोबात ते किमान एकदा बदलायचं धरा. संपूर्ण सबस्टेशन प्रोसेस बसवर (यार्डातले सिग्नल तांब्याच्या केबलऐवजी डिजिटल नेटवर्कने) जाणार असेल आणि व्होल्टेज ४०० किंवा वर असेल, तर केबल वाचते, सीटी (करंट मोजणारा) आणि पीटी एकाच खांबात येतात, मग गणित बदलायला लागतं. २२० ला दोन लाइनसाठी नाही. कम्बाइन्ड सीटी-पीटी हा पारंपरिक पर्याय जागा कमी असेल तर बघा, एक फाउंडेशन वाचतं, पण एक भाग गेला की दोन्ही काढावे लागतात. जीआयएस (गॅसने इन्सुलेट केलेलं बंदिस्त सबस्टेशन) असतं तर विषयच वेगळा होता, तिथं गॅसमधला इंडक्टिव्हच येतो आणि सीव्हीटी स्वस्त हा नियम लागू होत नाही.

इथपर्यंतचं जुळवलं तर: २२० ला दोन्ही लाइनवर सीव्हीटी, करारात आडकाठी नसेल तर, कमी बर्डनचा, कॅरियरच्या सामानाशिवाय. ६६ ला इंडक्टिव्ह. ऑप्टिकल नाही.

पण तुमच्या नगांच्या यादीत याहून मोठी गोष्ट आहे आणि ती तुम्ही विचारलेलीच नाही. २२० ला बारा नग, ६६ ला चोवीस. ६६ च्या सहाही फीडरवर तीन-तीन पीटी कशाला? फीडरच्या डायरेक्शनल आणि डिस्टन्स प्रोटेक्शनला, मीटरला, सगळ्याला बसचा पीटी चालतो. दोन्ही बसवर तीन-तीन, सहा नग, आणि फीडर कुठल्या बसवर आहे ते आयसोलेटरच्या (फीडर बसला जोडणाऱ्या स्विचच्या) ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून निवडायचं. ज्या फीडरच्या पलीकडे जनरेशन आहे त्याला डेड लाइन आणि सिंक चेकसाठी (लाइनवर व्होल्टेज आहे का आणि ते बसशी जुळतंय का हे बघायला) एका फेजवर एक पीटी. सगळ्या सहांना जनरेशन असलं तरी सहा अधिक सहा, बारा. चोवीसचे बारा झाले, त्यांची स्ट्रक्चर, फाउंडेशन, जंक्शन बॉक्स, केबल गेल्या. प्रकार बदलून तुम्ही टक्क्यांमध्ये वाचवत होता, इथं अर्धं बिल गेलं. याची किंमत म्हणजे बसचा पीटी गेला किंवा त्याचा एमसीबी (छोटा ब्रेकर) पडला की त्या बसवरच्या सगळ्या फीडरचं डिस्टन्स एकदम ब्लॉक होतं, म्हणून प्रत्येक फीडरला वेगळा एमसीबी ठेवा आणि व्होल्टेज गेल्यावर चालेल असा ओव्हरकरंट बॅकअप चालू ठेवा. २२० ला मी असं करणार नाही, तिथं लाइनवर तिन्ही फेज असू देत, कारण टॅरिफ मीटरिंग आयसोलेटरच्या कॉन्टॅक्टमधून फिरवायला मला आवडत नाही. बसवर मात्र सिंकपुरतंच काम असेल तर प्रत्येकी एक नग पुरे. ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हरफ्लक्सिंग प्रोटेक्शनला पण एक व्होल्टेज भागतं.

स्पेअरबद्दल तुम्ही शेवटी विचारलं होतं. ६६ च्या इंडक्टिव्हचा एक पूर्ण नग ठेवा, प्रश्न मिटला. सीव्हीटीचा स्पेअर घेताना फक्त स्टॅक किंवा फक्त खालची टाकी घेऊन पैसे वाचवायचा मोह होतो, तो नको, कारण मीटरिंग सीव्हीटीची टाकी त्याच्याच स्टॅकबरोबर कारखान्यात जुळवून टेस्ट केलेली असते. उभारणीच्या वेळी पण हेच, स्टॅक आणि टाक्या वेगवेगळ्या खोक्यांतून येतात आणि कॉन्ट्रॅक्टरचा माणूस जे हाताला लागेल ते चढवतो. क्रेन लावायच्या आधी दोन्हीवरचे सीरियल नंबर टेस्ट रिपोर्टशी जुळवून घ्या, दोन स्टॅकची अदलाबदल झाली तर सीव्हीटी चालेल, व्होल्टेज दाखवेल, फक्त ०.२ क्लास राहणार नाही, आणि ते शोधायला पुढं साइटवर रेशो टेस्टचा सेट भाड्याने आणावा लागेल.